कूलरमागची फुली

पाऊस संपला की नागपुरात कूलर खाली करायचं काम निघतं. दिवाळीच्या सफाईत आमच्याकडेही तेच चालू होतं आणि मागे पाहतो तर कूलरच्या स्टँडपासून कढीपत्त्याच्या कुंडीपर्यंत एक गोल जाळं, त्याच्या बरोबर मधात जाड पांढऱ्या नागमोडी रेशमाची फुली, अन् फुलीवर डोकं खाली करून बसलेला कोळी, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा. पाय दोन-दोन जोडून ठेवलेले, त्यामुळे आठाचे चारच वाटतात. आई झाडू घेऊन आलीच होती, म्हटलं, थांब ना गं, आधी फोटो काढू दे!

हा सिग्नेचर स्पायडर, म्हणजे जाळ्यावर सही करणारा. शास्त्रीय नाव आर्जिओपी. माणसाला याचा धोका नाही.

मोबाईल सारखा मागच्या भिंतीवरच फोकस करत होता कारण जाळं फारच बारीक, मग कोळ्याच्या शेजारी तेवढ्याच अंतरावर हात धरला, स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक केला आणि हात काढून घेतला. ब्राइटनेस थोडा कमी केला नाहीतर पांढरी फुली नुसतीच चमकते. बहिणीने मागे काळी छत्री उघडून धरली, तेव्हा कुठे एकेक धागा वेगळा दिसला. हात चुकून धाग्याला लागला तर कोळी अख्खं जाळं असं गदागदा हलवतो की फोटोत सगळं धूसर येतं, ती त्याची बचावाची पद्धत आहे, मिनिटभर थांबायचं.

पण ही फुली कशासाठी? आधी वाटायचं की जाळं मजबूत व्हावं म्हणून. 1983 मध्ये आयस्नर आणि नोविकी या संशोधकांनी साध्या जाळ्यांवर कृत्रिम खुणा लावून पाहिल्या, तर सकाळी पाखरं उडायच्या वेळेत खुणेची जाळी जास्त टिकली, म्हणजे खूण दिसली की पाखरं जाळं टाळत असावीत. 1990 मध्ये क्रेग आणि बर्नार्ड यांनी दुसरंच मांडलं, हे रेशीम अतिनील प्रकाश परावर्तित करतं आणि किडे त्याकडे ओढले जातात. वाद अजून मिटलेला नाही. मला पाखरांची गोष्ट जास्त पटते, पण फुलीला कधी चार फाटे असतात, कधी एकच, हे कोडं त्यानेही पूर्ण सुटत नाही.

रात्री फोटो झूम करून पाहत होतो तर जाळ्याच्या कडेला अजून एक कोळी, तांदळाच्या दाण्याएवढा, मळकट रंगाचा. आई म्हणाली पिल्लू असेल. पिल्लू नाही, तो नर होता, मधातली मोठी ती मादी.