धुरी, धोंडे आणि झडती : कॅनडाच्या तुरुंगांतील मूलनिवासी विधींची पार्श्वभूमी

कॅनडाने १८८४ साली कायद्यात दुरुस्ती करून पश्चिम किनाऱ्यावरच्या मूलनिवासींचा पॉटलॅच, म्हणजे भेटी वाटण्याचा सोहळा, गुन्हा ठरवला. १८९५ मध्ये सूर्यनृत्यासारखे विधीही बंदीच्या कक्षेत आले आणि १९५१ पर्यंत ही बंदी राहिली. आज त्याच देशाच्या तुरुंगांत या परंपरांच्या जाणत्यांना, म्हणजे ‘एल्डर’ मंडळींना, मानधन देऊन बोलावतात. ही सरकारची मेहेरबानी नव्हे. कैद्यांनी ‘नेटिव्ह ब्रदरहूड’ नावाने गट बांधून अनेक वर्षे मागणी लावून धरली.

१९९२ च्या तुरुंग व सशर्त सुटका कायद्याने या मागणीला आधार दिला. कलम ८३ नुसार मूलनिवासी अध्यात्म आणि एल्डर यांचा दर्जा इतर धर्म व धर्मगुरूंच्या बरोबरीचा आहे. पण अधिकार कागदावर आला तरी त्याची रोजची परीक्षा तुरुंगाच्या आवारातच होते.

स्वेदकुटीचेच, म्हणजे शुद्धीसाठी वाफ घेण्याच्या झोपडीचेच पाहा. विलोच्या लवचिक फांद्या जमिनीत रोवून, वाकवून घुमटासारखा सांगाडा करतात. वर ब्लँकेट, ताडपत्री. बाहेर आगीत लालबुंद केलेले धोंडे आतल्या खड्ड्यात ठेवून त्यांवर पाणी ओततात. साधारणपणे चार फेऱ्या होतात. यासाठी मोकळी जागा, सरपण, आग राखणारा माणूस आणि सलग काही तास लागतात. मध्येच कैद्यांची गिनती आली किंवा सगळ्यांना कोठड्यांत बंद केले, की तापलेले धोंडे तसेच राहतात.

धुरीसाठी, म्हणजे जाळून शुद्धीचा धूर घेण्यासाठी, सेज, स्वीटग्रास, सीडर आणि तंबाखू या चार पवित्र वनस्पती. २००८ मध्ये तुरुंगांत तंबाखूवर पूर्ण बंदी आली. विधीपुरती सूट राहिली. कैद्याचे पवित्र वस्तूंचे गाठोडे तपासताना ते त्याने स्वतः उघडून दाखवायचे आणि पहारेकऱ्याने नुसते पाहायचे, असा नियम आहे. मालक हजर नसेल तर हे काम एल्डरने करायचे. परक्या हाताचा स्पर्श झाला की गाठोडे विटाळते, म्हणून हा नियम जिवाभावाचा. घाईच्या झडतीत पहिला मोडतो तोही हाच.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांतल्या कैद्यांची अडचण वेगळीच. स्वेदकुटी आणि स्वीटग्रास त्यांच्या परंपरेत नाहीत. त्यांचा दिवा सीलच्या चरबीचा, कुल्लिक. सर्वांना एकच ‘मूलनिवासी कार्यक्रम’ दिला की ते बाजूला पडतात.

याच कायद्याच्या कलम ८१ नुसार मूलनिवासी समाज स्वतः कैद्यांची जबाबदारी घेऊ शकतो. यातूनच समाजाने चालवलेली हीलिंग लॉज, म्हणजे तुरुंगाऐवजी मूलनिवासी पद्धतीने कैद्यांना सुधारणारी केंद्रे आली. (१९९५ मध्ये सस्कॅचेवानातल्या नेकानीत समाजाच्या जमिनीवर सुरू झालेले स्त्रियांचे ‘ओकिमाव ओची’ मात्र तुरुंगखातेच चालवते.) २०१२ मध्ये तुरुंग लोकपालांना देशभर कलम ८१ च्या फक्त ६८ खाटा आढळल्या. त्याही बहुतांशी किमान सुरक्षा श्रेणीसाठी, आणि मूलनिवासी कैदी तर बहुसंख्येने वरच्या श्रेणीत टाकलेले. ही श्रेणी आणि धोका ज्या मोजपट्ट्यांनी ठरतात, त्यांतल्या काही मूलनिवासींसाठी पडताळलेल्याच नव्हत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एवर्ट या मूलनिवासी कैद्याच्या खटल्यात मान्य केले.

सुटकेसाठी कलम ८४ आहे. कैद्याची संमती असेल तर पॅरोलच्या सुनावणीआधी त्याच्या समाजाला पुरेशी पूर्वसूचना द्यायची आणि पुनर्वसनाची योजना मागवायची. सूचना उशिरा गेली, तर योजना लिहायला गावाच्या हाती वेळच उरत नाही.