निर्वातात ठिणगी पडते कशी?

वळवाचा पाऊस सुरू झाला की वाळवा, पलूस, तासगाव या भागांत तारेवर फांदी पडणं नेहमीचंच. फिडर ट्रिप होतो आणि विहिरीवरच्या मोटारी एकदम थांबतात. 33/11 केव्हीच्या सबस्टेशनात त्या क्षणी प्रवाह तोडतो तो व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्यूम (निर्वात) सर्किट ब्रेकर. त्याच्या पोटातल्या सीलबंद बाटलीत धातूचे दोन संपर्क असतात. ते एकमेकांपासून जेमतेम सेंटिमीटरभर लांब जातात आणि काम होतं. उघड्या हवेतला, खांबावरचा एबी (एअर ब्रेक) स्विच कुणी भार चालू असताना ओढला, तर केवढा जाळ ताणला जातो, ते वायरमनला विचारा.

फरक पडतो तो हवेमुळे. साध्या हवेत सेंटिमीटरला सुमारे 30,000 व्होल्ट मिळाले की ठिणगी पडते. एखादा मोकळा इलेक्ट्रॉन धावत सुटतो, वाटेतल्या रेणूवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो, तेही पुढे आदळतात आणि बघता बघता लोंढा तयार होतो. बाटलीतला दाब मात्र वातावरणाच्या अब्जांशाइतका किंवा त्याहून कमी असतो. बाहेर हवेचा रेणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर न धडकता कापू शकत नाही. या दाबाला तेच अंतर 70 मीटरच्या घरात जातं. सेंटिमीटरभर दरीत इलेक्ट्रॉनला वाटेत कुणी भेटतच नाही. लोंढा सुरू होणार कसा?

तरीही संपर्क सुटताना बाटलीत क्षणभर ज्योत पेटतेच. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: ही ज्योत संपर्कांच्याच धातूवर जगते. शेवटचा चिकटलेला बिंदू वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून प्रवाह वाहत राहतो. आपला वीजप्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. तसा तो आला की वाफ काही मायक्रोसेकंदांत थंड पृष्ठभागांवर जाऊन बसते आणि दरी पुन्हा रिकामी होते. वाफ संपली की ज्योत संपली.

आता हेच उलटं करू. दरी रिकामी आहे, दोन्ही बाजूंना हजारो व्होल्टचा ताण आहे आणि काहीही घडत नाही. ठिणगी पाहिजे तेव्हाच पाडायची, तर बाहेरून थोडी वाफ पुरवली की झालं. लेझर इथे कामाला येतो. निओडिमियम-यागसारख्या लेझरचा काही नॅनोसेकंदांचा झोत भिंगाने एका इलेक्ट्रोडवर, म्हणजे दरीच्या एका बाजूच्या धातूवर, बारीक ठिपक्याएवढा एकवटतात. ऊर्जा 10 मिलिज्यूल धरा. एक ग्रॅम वजन मीटरभर उचलायला लागते तेवढीच! पण ती 5 नॅनोसेकंदांत ओतली की त्या क्षणापुरती शक्ती 2 मेगावॅट होते. ठिपक्यातला धातू उकळून प्लाझ्मा, म्हणजे वीज वाहून नेणारी तापलेली वाफ, बनतो आणि सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपास वेगाने दरीत पसरतो. त्यातून इलेक्ट्रॉन समोरच्या इलेक्ट्रोडकडे ओढले जातात, पाठोपाठ प्लाझ्मा दरी जोडतो आणि इलेक्ट्रोडना जोडलेल्या कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या भागात) साठवलेली सगळी ऊर्जा त्या वाटेने धावते; हाच डिस्चार्ज. पाटाचं दार उघडायला लागणारा जोर आणि पाटातून वाहणारं पाणी यांचा जसा संबंध नसतो, तसंच लेझरची ऊर्जा आणि डिस्चार्जची ऊर्जा यांचं.

या पद्धतीची खरी किंमत वेळेत आहे. नुसता व्होल्टेज वाढवत नेला तर ठिणगी कधी पडेल ते पृष्ठभागावरचा एखादा सूक्ष्म उंचवटा ठरवतो. लेझर वापरला की ती वेळ आपण ठरवतो आणि चूकही नॅनोसेकंदांच्या घरात आणता येते. शिवाय उच्च व्होल्टेजच्या भागाला ट्रिगरची तार जोडावी लागत नाही, कारण प्रकाश दुरून पाठवता येतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या ‘झेड’ या विजेचा प्रचंड झटका देणाऱ्या यंत्रात 36 स्विच लेझरनेच एका तालात पेटवतात; त्यांत निर्वाताऐवजी वायू भरलेला असतो, पण गरज तीच. निर्वातातलं उदाहरण हवं तर कथिलाचं घ्या. चिपनिर्मितीत लागणारा 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळवायच्या एका पद्धतीत कथिल माखलेल्या फिरत्या चकत्यांवर लेझर मारून वाफ उठवतात आणि तिच्यातून डिस्चार्ज घडवतात.

अडचण धातूच्या वाफेचीच आहे. प्रत्येक ठिणगीगणिक इलेक्ट्रोडवर खड्डा पडतो. उडालेला धातू लेझर आत येण्याच्या खिडकीवर बसतो, काच हळूहळू अंधुक होते आणि ठिपक्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी पडू लागतो. म्हणून खिडकी शक्य तेवढी लांब ठेवतात, किंवा समोरच्या इलेक्ट्रोडला मधोमध बारीक भोक पाडून झोत त्यातून आत घेतात.