समुद्री बर्फाचा विस्तार

समुद्राच्या ज्या ज्या भागात निदान १५ टक्के बर्फ आहे, त्या सगळ्या भागांचं मिळून जे क्षेत्रफळ होतं त्याला समुद्री बर्फाचा विस्तार म्हणतात, अभ्यासक बोलताना सरळ एक्स्टेंट म्हणतात. समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचंच पाणी गोठून झालेला बर्फ. पाणी खारं असल्याने ते शून्याला गोठत नाही, उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं. हिमनग वेगळे, ते जमिनीवरच्या हिमनदीचे तुकडे. आर्क्टिकचा बर्फ वितळला की मुंबई बुडणार असं बरेचदा वाचायला मिळतं, पण हा बर्फ आधीपासूनच तरंगतोय, त्यामुळे तो वितळून पातळी जवळजवळ वाढत नाही, वाढते ती ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वितळून आणि समुद्राचं पाणी तापून फुगल्यामुळे. मग याची काळजी का करायची, तर बर्फावर ताजा हिम असेल तर तो ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो आणि मोकळा समुद्र ९० टक्क्यांहून जास्त ऊन पिऊन टाकतो, म्हणजे बर्फ गेला की पाणी तापतं आणि पाणी तापलं की अजून बर्फ जातो.

आता ते १५ टक्के, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. उपग्रहाचा नकाशा साधारण २५ किलोमीटर बाय २५ किलोमीटरच्या चौकोनांत मांडतात, एक चौकोन ६२५ चौरस किलोमीटरचा. समजा एका चौकोनात १६ टक्के बर्फ आहे, तर विस्तारात अख्खे ६२५ धरले जातात. क्षेत्रफळ, म्हणजे एरिया, या दुसऱ्या मापात मात्र त्याच चौकोनाचे १०० च धरतात. आणि बर्फ १४ टक्के असेल तर विस्तारात शून्य! त्यामुळे वाऱ्याने बर्फ पसरला तर एक कणही नवीन न गोठता विस्तार वाढू शकतो आणि वाऱ्याने तो एका बाजूला दाबला तर काही न वितळता कमी होतो. एकाने विस्ताराचा आकडा दिला आणि दुसऱ्याने क्षेत्रफळाचा, की दोघं तासभर भांडतात आणि दोघंही बरोबर असतात.

मोजणी होते मायक्रोवेव्हने. बर्फ आणि पाणी मायक्रोवेव्ह वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर टाकतात आणि ढग असोत की ध्रुवावरची सहा महिन्यांची रात्र, उपग्रहाला ते दिसतं. ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहापासून ही नोंद जवळजवळ सलग आहे, म्हणूनच सगळे आलेख १९७९ पासून सुरू होतात. एक मोठी अडचण उन्हाळ्यातली, बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि उपग्रहाला ती मोकळ्या समुद्रासारखीच दिसतात. क्षेत्रफळ त्यामुळे फार चुकतं, विस्तार कमी चुकतो, आणि १५ टक्क्यांचं हे ओबडधोबड वाटणारं माप टिकून आहे ते याच कारणासाठी. शिवाय अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या बोल्डरचं एनएसआयडीसी हे बर्फाच्या नोंदी ठेवणारं केंद्र आणि जपानची अंतराळ संस्था जाक्सा यांचे सेन्सर आणि गणिती पद्धत वेगळी, त्यामुळे एकाचा आजचा आकडा आणि दुसऱ्याचा दहा वर्षांपूर्वीचा असं शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये.

आर्क्टिकचा बर्फ मार्चमध्ये सगळ्यात जास्त, साधारण दीड कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यात कमी. म्हणून सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशीच करायची. १९७९ च्या सप्टेंबरची सरासरी ७० लाख चौरस किलोमीटरच्या घरात होती, २०१२ ची ३६ लाखांच्या. म्हणजे जो फरक पडला तो अख्ख्या भारताच्या आकाराहून थोडा जास्तच आहे, हे वाचून मला दरवेळी पोटात खड्डा पडतो. २०१२ चा एका दिवसाचा नीचांक सुमारे ३४ लाख, तो २०२५ पर्यंत तरी मोडलेला नाही, आणि त्यावरून बर्फ सावरला असं म्हणणारे खूप आहेत. पण २०१२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या मोठ्या वादळाने आधीच पातळ झालेला बर्फ फोडून काढला होता, अशा एका टोकाच्या वर्षापासून मोजायला सुरुवात केली तर पुढचं सगळं बरंच दिसणार. २००७ पासूनचे सगळे सप्टेंबर त्याआधीच्या प्रत्येक सप्टेंबरपेक्षा खाली आहेत, हे बघायला हवं.

विस्तारात जाडी अजिबात दिसत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. १९८५ च्या मार्चमध्ये आर्क्टिक महासागरातला साधारण एक तृतीयांश बर्फ चार वर्षांहून जुना, जाड आणि टणक होता, २०१९ च्या मार्चमध्ये तसा बर्फ जेमतेम १ टक्का उरला. आताचा बराचसा बर्फ एकाच हिवाळ्यातला. जाडीसाठी क्रायोसॅट-२ (२०१०) आणि आइससॅट-२ (२०१८) हे उपग्रह आहेत, ते बर्फ पाण्यावर किती वर आलाय ते मोजतात आणि त्यावरून पूर्ण जाडी काढतात, त्यात वरच्या हिमाचा अंदाज थोडा चुकला तरी उत्तर बरंच हलतं.

'बर्फमुक्त आर्क्टिक' याचीही व्याख्या ठरलेली आहे, विस्तार १० लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाणं, एकही तुकडा न उरणं नव्हे. २०१३ किंवा २०१६ पर्यंत हे होईल अशी भाकितं झाली होती, ती चुकली, आणि ती मुख्यतः घसरणीची रेघ तशीच पुढे ओढून केलेली होती. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालात २०५० च्या आधी निदान एकदा सप्टेंबर असा जाण्याची शक्यता बरीच आहे असं म्हटलंय.

अंटार्क्टिकाचं गणित निराळं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर विक्रमी विस्तार होता आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कमाल विस्तार १ कोटी ७० लाखांच्याही खाली, इतकी मोठी उडी का पडली यावर अजून वाद चालू आहे.

भारतातून या बर्फाचा अभ्यास मुख्यतः गोव्यातून होतो, वास्कोच्या एनसीपीओआर या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंदला २००८ पासून आपलं हिमाद्री केंद्र आहे आणि २०१४ मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्ड या खाडीच्या पाण्यात इंडआर्क ही निरीक्षण यंत्रणा सोडली. एनसीपीओआरच्याच संशोधकांचा २०२१ चा एक पेपर सांगतो की रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असला की वातावरणाच्या वरच्या थरातल्या लाटांमधून त्याचा परिणाम आशियापर्यंत येतो आणि अरबी समुद्रही तापलेला असेल तर सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीला बळ मिळतं. पेपरच्या शीर्षकात 'संभाव्य संबंध' असं लिहिलंय, बातमीत येताना त्यातला 'संभाव्य' गळून पडतो.