डिजिटल चलनाचे नियमन : नाशिकच्या संदर्भात

इलेक्ट्रॉनिक रूपातील चलन कोणी काढावे, ते कोणाचे देणे ठरावे आणि त्याच्या व्यवहारांवर कोणी लक्ष ठेवावे, हे ठरवणारी कायदेशीर व्यवस्था.

चलनावर हक्क कोणाचा, हा प्रश्न नाशिक परिसराला जुना आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपान याची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी बहुतेकांवर त्याचा शत्रू असलेल्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. शत्रूचे नाणे बाद न करता त्याने ते स्वतःच्या नावावर चालवले.

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. ई-रुपयाला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाला, ना कागद लागतो ना शाई, तरी कायद्याने तो त्याच नोटेचा भाऊबंद आहे. त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला नाही; २०२२ च्या वित्त अधिनियमाने रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ मधील बँकनोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपाची भर घातली, इतकेच. घाऊक (बँकांसारख्या वित्तसंस्थांमधील) व्यवहारांची चाचणी १ नोव्हेंबर २०२२ रोजी आणि किरकोळ व्यवहारांची १ डिसेंबरला सुरू झाली. वॉलेटमधील ई-रुपयावर नोटेप्रमाणेच व्याज मिळत नाही. यूपीआयशी त्याची गल्लत होते, कारण दुकानातला क्यूआर कोड दोन्हींना चालतो. पण यूपीआयने बँकेतील ठेव हलते, तर ई-रुपया हे थेट रिझर्व्ह बँकेचे देणे असते.

बिटकॉइनसारख्या खाजगी कूटचलनांमागे असा देणेकरीच नाही. बँकांनी त्यांच्या व्यवहारांना सेवा देऊ नये, असे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढले. सर्वोच्च न्यायालयाने ते ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा नियमनाचा अधिकार मान्य केला, मात्र उपाय प्रमाणाबाहेर ठरवला. त्यानंतर सरकारने बंदीऐवजी कराची वाट धरली. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) लागू झाला. एका कूटचलनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार मनी लाँडरिंग (काळा पैसा वैध भासवणे) प्रतिबंधक कायद्याखाली आले आणि एक्स्चेंजांना, म्हणजे कूटचलनांची खरेदी-विक्री घडवणाऱ्या मंचांना, ग्राहकांची ओळख पटवून संशयास्पद व्यवहार कळवणे बंधनकारक झाले.

कर भरल्याने कूटचलन वैध चलन ठरत नाही, हे गुंतवणूकदारांना अनेकदा उशिरा कळते. एक्स्चेंज बुडाले तर बँक ठेवीसारखे विमासंरक्षणही नाही. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. मात्र रक्कम परदेशी वॉलेटमध्ये गेल्यावर ती परत मिळवणे अवघड असते.