थाप किती वेळा मारायची?

पोकरमध्ये थाप म्हणजे कमजोर पत्ते असताना भारी असल्यासारखे पैसे लावणं (बेट). शेवटचं पान उघडलंय. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या गल्ल्यात, 100 रुपये आहेत आणि तुम्ही आणखी 100 लावलेत. समोरच्याला 100 घालून 200 मिळवायची संधी आहे. तीनदा कॉल करून (तेवढेच पैसे घालून पत्ते बघून) एकदा जिंकला तरी त्याची बरोबरी होते. म्हणून तुमच्या अशा बेटांपैकी नेमक्या एकतृतीयांश थापा असतील, तर त्याने कॉल केलं काय नि पत्ते टाकून डाव सोडला काय, त्याला सारखंच. थापा याहून कमी असल्या तर तो निवांत पत्ते टाकत राहतो आणि तुमच्या भारी हातांना गिऱ्हाईक मिळत नाही. जास्त असल्या तर डोळे झाकून कॉल करतो.

सूत्र सोपं आहे: बेटेला, पॉट अधिक बेटेची दुप्पट, याने भागा. पॉट 100 असताना 50 लावले तर 25 टक्के, 200 लावले तर 40 टक्के थापा चालतात. म्हणजे बेट मोठी तशी थापांना जागा जास्त. नवशिके नेमकं उलटं करतात.

1950 मध्ये गणितज्ञ हॅरॉल्ड कून यांनी गुलाम, राणी, राजा एवढ्या तीनच पत्त्यांचा, दोघांना एकेक पत्ता वाटायचा पोकर पूर्ण सोडवून दाखवला. त्यात बेट पॉटच्या निम्मी असते. पहिल्या खेळाडूने राजावर जितक्या वेळा बेट करायची, त्याच्या एकतृतीयांश वेळा गुलामावर थाप मारायची. म्हणजे चारपैकी एक बेट थाप; वरच्या सूत्रातले 25 टक्के ते हेच. राणीवर मात्र बेट नाहीच: गुलामवाला पळेल, राजावाला कॉल करेल, मग मिळालं काय? मधल्या हाताने थाप मारणं ही खऱ्या टेबलावरचीही सर्रास चूक आहे.

आता टेक्सास होल्डेम, म्हणजे दोन पत्ते हातात आणि पाच सगळ्यांसाठी पटावर असलेला पोकर. पटावर इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चौवी, किलवर दुर्री, बदाम सत्ती. तुमचे भारी हात समजा फक्त तिऱ्या, म्हणजे एकसारखे तीन पत्ते: पटावर यांपैकी एक आणि हातात त्याचीच जोडी. प्रत्येक जोडी 3 प्रकारे येते, म्हणून एकूण 15. पॉटएवढ्या बेटेला जोड म्हणून साडेसात थापा हव्यात. फसलेल्या इस्पिक फ्लशच्या (हातात दोन इस्पिकं, पण पाच इस्पिकं जुळली नाहीत) जोड्या मात्र कागदावर 55! सगळ्यांवर बेट लावली तर दर पाच बेटांत जवळजवळ चार थापा होतात.

शिवाय फसलेली इस्पिकं थापेला फारशी बरी नाहीत. ती तुमच्या हातात असली की समोरच्याकडे तसाच फसलेला, म्हणजे टाकून देण्याजोगा हात असण्याची शक्यता घटते. त्यापेक्षा नव्वी ते राजा अशी ओळ जुळवायला दहश्शीची वाट बघत राहिलेले राणी-गुलाम घ्या. राणी तुमच्याकडे असल्याने त्याच्याकडे राजा-राणी येण्याचे 12 प्रकार 9 वर येतात, राजा-गुलामाचंही तेच. कॉल करणारे हात घटले.

इस्पिक नसलेल्या राणी-गुलामाच्या जोड्या 9. हव्यात साडेसात, म्हणजे सहापैकी पाच वेळा थाप. हे मनाने ठरवू नका. माणसाला यदृच्छा जमत नाही, लागोपाठ दोनदा पकडला गेला की तो तिसऱ्यांदा गप्प बसतो. घड्याळाचा सेकंद काटा बघा: 0 ते 49 मध्ये असेल तर बेट, 50 ते 59 मध्ये असेल तर चेक, म्हणजे पैसे न लावता पुढे.

हे प्रमाण शेवटच्या फेरीपुरतंच. त्याआधी फसव्या हाताला सुधारायला अजून पानं यायची असतात, त्यामुळे थापा जास्त चालतात. आणि समोरचा कधीच पत्ते टाकत नसेल, तर समतोल बाजूला ठेवून थापा बंद करा आणि भारी हातांवर बेट वाढवा.