जनुकांतला फेरफार : मनाईची रेषा आली कुठून?

मानवी जनुकांत फेरफार करण्याविषयीचे जगभरातले बहुतेक नियम एका भेदावर उभे आहेत. रुग्णाच्या रक्तात, यकृतात किंवा डोळ्यात केलेला बदल त्या माणसाबरोबर संपतो. बीजांडात, शुक्राणूत किंवा नुकत्याच तयार झालेल्या भ्रूणात केलेला बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. पहिल्याला अटींसह मुभा, दुसऱ्याला मनाई. ही रेषा आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी, कधी आणि कशाच्या धास्तीने आखली, हे सहसा कोणी विचारत नाही.

धास्ती जनुकशास्त्राहून जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द रूढ केला. माणसांची पैदास निवडून केली तर वंश सुधारेल, ही त्यामागची कल्पना. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, १९२७ मध्ये ‘बक विरुद्ध बेल’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याला मान्यता दिली आणि १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्याच धर्तीचा कायदा लाखो लोकांवर चालवला. जनुक कशाचे बनलेले असते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. एक कायदा आणि एक शल्यचिकित्सक एवढ्यावर काम भागले. तंत्रज्ञान आले की अनर्थ होईल असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

१९७२ मध्ये अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग यांच्या प्रयोगशाळेत दोन वेगळ्या जीवांचे डीएनए जोडले गेले आणि चर्चा प्रयोगशाळेत शिरली. खुद्द शास्त्रज्ञांनीच काही प्रयोग थांबवले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे परिषद झाली. शास्त्रज्ञांनी स्वतःला लगाम घातल्याचे उदाहरण म्हणून तिचे अजून कौतुक होते, पण तिथे बोलणे झाले ते मुख्यतः सुरक्षिततेवर. माणसाची जनुके बदलावीत का, हा प्रश्न आयोजकांनी कार्यक्रमात घेतलाच नव्हता.

तो पाच वर्षांनी दारात येऊन उभा राहिला. १९८० मध्ये लॉस एंजेलिसमधले रक्तविकारतज्ज्ञ मार्टिन क्लाइन यांनी आपल्या विद्यापीठाची परवानगी नसताना इटली आणि इस्रायलमध्ये थॅलसेमियाच्या दोन रुग्णांवर जनुकीय उपचार करून पाहिले. गुण आला नाही. क्लाइन यांना विभागप्रमुखपद सोडावे लागले, सरकारी अनुदानही गेले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या तीन धर्मसंघटनांच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून या क्षेत्रावर देखरेख कोणाची, असे विचारले होते. त्यातून राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाचा १९८२ चा अहवाल निघाला आणि शरीरपेशी व बीजपेशी हा भेद धोरणाच्या भाषेत रुळला. अमेरिकेच्या सल्लागार समितीने १९८५ मध्ये स्पष्टच केले की बीजपेशींतल्या बदलांचे प्रस्ताव तूर्त विचारात घेतले जाणार नाहीत. युरोपात मानवी हक्क आणि वैद्यकाविषयीच्या १९९७ च्या ओव्हिएदो करारात तीच मनाई आली. खरे सांगायचे तर तेव्हा ही मनाई कोणाला जड गेली नाही, कारण भ्रूणातले नेमके एक जनुक बदलण्याचे साधनच कोणाच्या हाती नव्हते.

मुभा असलेल्या बाजूलाही वाट सरळ नव्हती. १९९० मध्ये रोगप्रतिकारशक्ती जन्मतः निकामी असलेल्या चार वर्षांच्या मुलीवर अमेरिकेत पहिला अधिकृत उपचार झाला; जोडीला नेहमीचे औषध चालूच असल्याने नेमके श्रेय कशाला, हा वाद राहिला. पुढे आले १९९९. अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंजर यकृतातल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेने आजारी होता. त्यामुळे रक्तात अमोनिया साठतो. पण पथ्य आणि गोळ्यांवर त्याचे बरे चालले होते. याच आजाराने दगावणाऱ्या बाळांना उपयोग व्हावा म्हणून तो फिलाडेल्फियातल्या चाचणीत सामील झाला. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिक्रियेचा भडका उडाला आणि चार दिवसांत तो गेला. चौकशीत कळले की आधीच्या रुग्णांवरचे दुष्परिणाम वेळेवर कळवले गेले नव्हते, माकडांच्या मृत्यूंचा उल्लेख संमतिपत्रात नव्हता आणि प्रमुख संशोधकाचे हितसंबंध संबंधित कंपनीत होते. यातली एकही गोष्ट जनुकांविषयीची नाही.

पॅरिसमधल्या जनुकीय उपचाराच्या एका चाचणीत प्रतिकारशक्ती नसलेली मुले खरोखर बरी झाली. नंतर मात्र त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. नवे जनुक गुणसूत्रावर भलत्याच जागी बसले होते आणि त्याने शेजारचे कर्करोगाशी संबंधित जनुक जागे केले होते. एक मूल दगावले.

जागेचा हा प्रश्न क्रिस्परने बराच सोपा केला. जीवाणू विषाणूंपासून बचावासाठी वापरतात ती यंत्रणा हवी तिथे डीएनए कापण्यासाठी वळवता येते, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी २०१२ मध्ये दाखवले. मग जुनी मनाई पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कसाला लागली. २०१५ मध्ये चीनमध्ये न जगू शकणाऱ्या भ्रूणांवर प्रयोग झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये शेनझेनमधले शास्त्रज्ञ जियानकुई हे (‘हे’ हे आडनाव) यांनी भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुलींचा जन्म जाहीर केला. वडिलांना एचआयव्ही होता, म्हणून त्या विषाणूला पेशीत शिरायला वाट देणारे सीसीआर५ हे जनुक निकामी करण्याचा हा प्रयत्न. पण शुक्राणू धुवून घेण्याच्या पद्धतीने बाळाला संसर्गापासून वाचवता येते आणि ती पद्धत इथेही वापरली होती. काही लोकांत निसर्गतः आढळणारा, एचआयव्हीपासून वाचवणारा बदल या मुलींत झालाच नाही. एकीत तर जनुकाची एकच प्रत बदलली. म्हणजे आजार टाळण्याची गरज नव्हती आणि हवे ते साधलेही नाही. जियानकुई यांना तीन वर्षांची कैद झाली.

रेषा कायदेशीरपणेही सरकली आहे, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. आईच्या मायटोकॉण्ड्रियातले (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःची थोडी जनुके असलेल्या भागांतले) दोष टाळण्यासाठी दुसऱ्या स्त्रीचे मायटोकॉण्ड्रिया वापरायला ब्रिटिश संसदेने २०१५ मध्ये परवानगी दिली. अशा उपचारातून जन्मलेल्या मुलीकडून तो बदल पुढे जाऊ शकतो.

उपचारांची खरी मजल मनाईच्या अलीकडेच दिसते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर चुकलेले असते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेवी हा क्रिस्परवर आधारलेला उपचार ते अक्षर दुरुस्त करत नाही, वळसा घालून काम करतो. गर्भावस्थेत आपल्याकडे वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर बीसीएल११ए हे जनुक ते बंद पाडते. रुग्णाच्या मूळपेशी काढून त्या जनुकाचे रक्तपेशींपुरते बटण कापायचे, अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी केमोथेरपीने नष्ट करायच्या आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या, की गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. वेदनांचे झटके बहुतेकांचे थांबतात. मात्र काही महिने जातात, वंध्यत्वाचा धोका असतो आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. सिकलसेलचे सर्वाधिक रुग्ण आफ्रिकेत आहेत, जिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोयही दुर्मीळ. मनपसंत बाळांच्या कल्पनेवर जितकी शाई खर्च होते तिचा थोडा वाटा या अडचणीला मिळायला हवा होता.

२०२५ मध्ये फिलाडेल्फियातच एका बाळासाठी, केवळ त्याच्या जनुकातल्या चुकीसाठी, साधारण सहा महिन्यांत औषध तयार झाले. जेसीचा आजार आणि याचा आजार जवळचे भाऊबंद, दोन्हींत अमोनिया साठतो. या वेळी विषाणूऐवजी मेदाचे सूक्ष्म कण वाहक होते. बाळाला आधीपेक्षा जास्त प्रथिने पचू लागली, औषधे कमी झाली. बदल यकृताच्या पेशींपुरताच. एकाच रुग्णासाठी घडवलेल्या अशा औषधाची चाचणी कोणत्या नियमाने घ्यायची, हे आता औषध नियामकांना ठरवायचे आहे; शेकडो रुग्णांचे दोन गट करून तुलना करण्याची पद्धत इथे लावताच येत नाही.