कळतं, पण वळत नाही

दहावीच्या मुलाला घेऊन क्लासमध्ये आलेली आई हमखास म्हणते, "सर, याला अभ्यासाचं महत्त्वच कळत नाही हो." मुलाला बाजूला घेऊन विचारावं, तर तो आईपेक्षा ठामपणे सांगतो, सायन्सला जायचंय, मार्क हवेतच. घरी कपाटावर त्याने रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रकही चिकटवलेलं असतं. भूगोलाची वही मात्र तिसऱ्या धड्यावर अडलेली.

कळतंय की त्याला! वळत नाहीये. कळणं हा मूल्यांचा प्रांत, वळणं हा स्वभावाचा, आणि आपण दोन्हींची सर्रास गल्लत करतो.

मूल्य म्हणजे मनाला काय मोलाचं वाटतं ते. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ साली अशी दहा मूल्यं मांडली. यश, सुरक्षितता, परंपरा, मौज, आपल्या माणसांचं भलं वगैरे. यातली काही एकमेकांना उलट्या दिशेने ओढतात. पेपरच्या आदल्या रात्री मैत्रिणीला गणित समजावत बसलेली मुलगी आळशी नसते. तिच्या लेखी मैत्रीचं पारडं जड असतं, इतकंच.

स्वभाव म्हणजे कुणी न सांगता आपण पुन्हा पुन्हा जसे वागतो ते. मानसशास्त्रात मानल्या जाणाऱ्या स्वभावाच्या पाच प्रमुख गुणांपैकी मार्कांशी सगळ्यांत पक्कं नातं निघतं ते हातातलं काम नेमाने पुरं करण्याच्या वृत्तीचं. संशोधक आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली ७०,०००हून जास्त विद्यार्थ्यांवरच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला, त्यात हा सहसंबंध (० म्हणजे नातंच नाही, १ म्हणजे पुरतं नातं) सुमारे ०.२२ आला. म्हणजे मार्कांतल्या फरकाचा जेमतेम ५ टक्के भाग या वृत्तीशी जोडलेला. ऐकायला किरकोळ वाटतं खरं. पण शाळेतले मार्क आधीच हिशेबात धरले, तर कॉलेजच्या निकालाचा अंदाज बांधताना ही वृत्ती बुद्धिमत्तेइतकीच भर घालते.

मूल्यं आणि स्वभाव एकमेकांपासून अगदीच सुटे नाहीत. यशाला मोल देणारी मुलं सहसा थोडी जास्त शिस्तशीरही आढळतात. पण 'थोडी' आणि 'सहसा' हे शब्द पालक ऐकतच नाहीत, आणि भाषण सुरू होतं.

त्या मैत्रिणीवाल्या मुलीला वेळापत्रक देऊन काही साधायचं नाही. तिच्याशी बोलावं लागेल, तिचं ऐकावंही लागेल. या मुलाला मात्र भाषण नको. रोज साडेसातला मोबाईल आईच्या खोलीत आणि टेबलावर एकच वही, चौथा धडा उघडून ठेवलेली.